रब्बी ज्वारी पाण्याचा ताण कशी सोसते: जनुकीय प्रयोगाची आखणी आणि मांडणी

सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा या पट्ट्यात रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान होते, म्हणजे परतीचा पाऊस ओसरत आलेला असतो आणि यापुढे पिकाला मिळणार ते बहुतांशी जमिनीत मुरलेले पाणीच. चार महिन्यांच्या या पिकाची खरी परीक्षा शेवटच्या दीड महिन्यात होते. ज्वारी पोटरीतून निसवते, फुलोऱ्यात येते आणि नेमके दाणे भरण्याच्या वेळी वरच्या थरातील ओल संपलेली असते. त्या अवस्थेत काही वाणांची पाने खालून वर भराभर वाळत जातात, ताट पोकळ होऊन खडखड्या रोगाला बळी पडते आणि लोळते, तर काही वाणांची वरची पाने कापणीपर्यंत हिरवी राहतात. हा फरक अनुवंशिक आहे. तो कोणत्या गुणसूत्राच्या कोणत्या भागाशी जोडलेला आहे आणि त्या भागामुळे झाडात नेमके काय बदलते, याचा शोध कसा घ्यावा, हे या मार्गदर्शिकेत सांगायचे आहे.

हे लेखन पदव्युत्तर विद्यार्थी आणि महाविद्यालयीन शिक्षक यांना समोर ठेवून केले आहे. एखादी पारदर्शक छताची शेड, दहा ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा, भट्टी आणि पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची, प्राथमिक सोय असलेली प्रयोगशाळा एवढे हाताशी असल्यास पहिला प्रयोग उभा राहतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. या विषयातील बहुतेक प्रकल्प फसतात ते डीएनएच्या टेबलावर नव्हे, तर कुंडीत. ताण किती दिला, कोणत्या अवस्थेत दिला आणि तो प्रत्येक झाडाला सारखा मिळाला का, हे सांगता येत नसेल, तर पुढे कितीही महागडे जनुकीय विश्लेषण केले तरी त्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच येथे पाणी मोजण्यावर अधिक शब्द खर्च केले आहेत.

प्रश्न नेमका करणे

‘दुष्काळ-सहनशीलतेचे जनुक शोधणे’ हा प्रश्न प्रयोगासाठी फार मोठा आणि फार ढोबळ आहे. पाण्याच्या टंचाईतून झाड तीन निरनिराळ्या मार्गांनी पार पडते. पहिला मार्ग निसटण्याचा आहे, म्हणजे लवकर फुलोऱ्यावर येऊन ओल संपण्यापूर्वीच दाणे भरून घेणे. दुसरा ताण टाळण्याचा आहे, म्हणजे खोल मुळ्यांनी जास्त पाणी उचलणे किंवा पानांचा पसारा आटोपशीर ठेवून पाणी जपून वापरणे. तिसरा मार्ग प्रत्यक्ष सोसण्याचा, म्हणजे पेशींतील पाणी कमी झाल्यानंतरही त्यांचे कामकाज चालू ठेवण्याचा. या तिन्हींची जनुके वेगळी असतात आणि मोजमापेही वेगळी लागतात. दहा दिवस आधी निसवलेला वाण जास्त दाणे देतो हे पाहून त्याला ‘सहनशील’ ठरवले, तर आपण प्रत्यक्षात फुलोऱ्याची वेळ ठरवणारे जनुक मोजलेले असते.

ज्वारीमध्ये प्रश्न नेमका करणे तुलनेने सोपे आहे, कारण पाने शेवटपर्यंत हिरवी राहण्याच्या गुणधर्मावर, ज्याला संशोधक ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात, अनेक दशके काम झालेले आहे. या गुणधर्माचा सर्वाधिक वापरलेला स्रोत म्हणजे बी ३५, ज्याला बीटीएक्स ६४२ असेही नाव आहे. हा वाण इथिओपियातील दुर्रा प्रकारच्या ज्वारीपासून अमेरिकेतील टेक्सासमध्ये विकसित झाला. त्यात या गुणधर्माशी संबंधित गुणसूत्रांचे चार प्रमुख भाग ओळखले गेले असून त्यांना एसटीजी १ ते एसटीजी ४ अशी नावे आहेत. पहिले दोन तिसऱ्या गुणसूत्रावर, तिसरा दुसऱ्या गुणसूत्रावर आणि चौथा पाचव्या गुणसूत्रावर आहे. आपल्याकडील मालदांडी ३५-१ आणि बी ३५ यांच्या संकरातून तयार केलेल्या संततीवरचा असाच अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे रिकाम्या पाटीवर सुरुवात करावी लागत नाही. ‘एसटीजी १ हा भाग असलेली ताटे फुलोऱ्यापूर्वी कमी पाणी वापरतात का, आणि ते वाचलेले पाणी दाणे भरताना वापरले जाते का?’ हा एका हंगामात उत्तर देता येईल असा प्रश्न आहे, आणि पहिल्या प्रयोगाला तो पुरेसा आहे.

बियाणे निवडणे आणि मिळवणे

मालदांडी ३५-१ ही निवड १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून झाली आणि आजही रब्बी ज्वारीच्या जवळजवळ प्रत्येक चाचणीत ती तुलनेसाठी घेतली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वेगवेगळे वाण दिले आहेत: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, खोल जमिनीसाठी फुले वसुधा आणि फुले रेवती. यांपैकी दोन वाण, त्यांच्यासोबत मालदांडी ३५-१ आणि बी ३५ असा चार वाणांचा संच पाण्याच्या वापरातील फरक पाहण्यासाठी चांगला ठरतो.

जनुकीय निष्कर्ष काढायचा असेल, तर मात्र वाणांची तुलना पुरेशी नसते, कारण दोन वाणांमध्ये हजारो ठिकाणी फरक असतात. त्यासाठी सम-जनुकीय वाणांच्या जोड्या लागतात, म्हणजे ज्यांचा बाकी सर्व जनुकसंच जवळजवळ सारखा असून केवळ एका भागात फरक आहे अशा जोड्या. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने एसटीजी भाग वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या वाणांत पारंपरिक संकर आणि डीएनए-खुणांच्या, म्हणजे गुणसूत्राचा तो भाग ओळखू देणाऱ्या डीएनएतील फरकांच्या, साहाय्याने आणलेले आहेत. असे बियाणे संस्थेमार्फत साहित्य-हस्तांतरण करारावर सही करून मागवावे लागते, आणि पत्रव्यवहाराला वेळ लागत असल्याने पेरणीच्या किमान पाच-सहा महिने आधी सुरुवात करावी. मंगळवेढ्याच्या एखाद्या शेतकऱ्याकडून जुने स्थानिक बियाणे घेणार असाल, तर गाव, शेताची जमीन, बियाणे किती वर्षे जपले आहे आणि स्थानिक नाव यांची नोंद त्याच्या संमतीने करावी. वाणांवरील शेतकऱ्यांचे हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केलेले आहेत आणि मंगळवेढा ज्वारीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणून ही केवळ शिष्टाचाराची बाब राहत नाही.

मिळालेले बियाणे थेट प्रयोगात वापरू नये. ज्वारी मुख्यतः स्वपरागित असली तरी काही प्रमाणात परपरागीकरण होतेच. प्रत्येक वाणाची काही कणसे फुलण्यापूर्वी कागदी पिशवीने झाकून एक हंगाम शुद्ध बियाणे तयार करावे आणि त्यातीलच बी पुढे वापरावे.

कुंडीची माती

निव्वळ काळी माती कुंडीत भरण्याचा मोह टाळावा. ती वाळताना आकसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि नंतर दिलेले पाणी मातीत न मुरता त्या फटीतून थेट तळाला जाते. काटा पाणी दिल्याचे दाखवतो, झाडाला मात्र ते मिळालेले नसते. चाळलेली काळी माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे एकजीव मिश्रण एकाच वेळी पुरेसे तयार करून ठेवावे आणि प्रत्येक कुंडीत त्याचे वजन अगदी सारखे भरावे.

या मिश्रणाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता आपणच मोजायची असते. पुस्तकातील आकडा येथे चालत नाही. कोरड्या मिश्रणाचे वजन माहीत असलेल्या तीन कुंड्या पूर्ण भिजवाव्यात, वरून प्लास्टिकने झाकाव्यात आणि तळातून पाणी गळणे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण दोन दिवस, तशाच ठेवाव्यात. त्यानंतरचे वजन वजा कोरडे वजन म्हणजे त्या मिश्रणाने धरून ठेवलेले पाणी. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो त्या स्थितीच्या जवळची ही पातळी आहे, फक्त ती बोटांनी ढेकूळ दाबून न ओळखता काट्यावर ओळखायची. समजा १० किलो कोरड्या मिश्रणाने ३ लिटर पाणी धरले. मग १०० टक्के पातळीला माती आणि पाणी मिळून १३ किलो वजन होईल आणि ८० टक्के पातळीला १२.४ किलो. कुंडीचे रिकामे वजन यात मिळवून प्रत्येक कुंडीवर तिचे लक्ष्य-वजन न पुसणाऱ्या शाईने लिहावे.

ज्वारीची मुळे खोल जमिनीत दीड-दोन मीटरपर्यंत जातात, हे लक्षात घेता कुंडी ही तडजोडच आहे. पाटणचेरूला या कामासाठी दोन मीटर लांबीच्या पीव्हीसी नळ्या मातीने भरून, जमिनीखालील खंदकात उभ्या ठेवून, साखळीने उचलून तोलतात. महाविद्यालयात इतके शक्य नसते, पण एक मीटर लांबीच्या जाड पीव्हीसी पाइपाचा तळ बंद करून केलेली नळी साध्या कुंडीपेक्षा कितीतरी बरी. ती भरल्यावर फार जड होते, म्हणून तोलण्यासाठी कप्पी किंवा तिकाटण्याची सोय आधी करावी. माणसांच्या हातांच्या भरवशावर तीन महिने रोज पन्नास नळ्या उचलण्याचा बेत तिसऱ्या आठवड्यातच कोलमडतो.

चार वाण, दोन पाणी-पातळ्या आणि प्रत्येकी सहा पुनरावृत्ती धरल्यास ४८ कुंड्या होतात. त्यांशिवाय दहा-बारा जास्तीच्या ठेवाव्यात, त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे. कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात आणि प्रत्येक गटात सर्व वाण व दोन्ही पातळ्या आल्या आहेत हे पाहावे. आमच्या एका प्रयोगात सोयीसाठी ताणाच्या सगळ्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीलगत मांडल्या होत्या. दुपारच्या तापलेल्या भिंतीने जो परिणाम घडवला, तो आम्ही दीड महिना पाण्याच्या ताणाचा समजत होतो.

ताण देणे आणि पाणी मोजणे

प्रत्येक कुंडीत तीन-चार बिया टोकून दहा-बारा दिवसांनी विरळणी करावी आणि एकच सशक्त रोप ठेवावे. कोवळ्या रोपांना खोडमाशीपासून जपावे, नाहीतर पोंगा मेलेल्या रोपाला बाजूने फुटवे येतात आणि फुटव्यांची संख्या हाच ज्या अभ्यासाचा एक भाग आहे तो तिथेच बिघडतो. उपटलेली रोपे आणि नंतर ताणाखालील कोवळी ज्वारी गोठ्यात देऊ नये. तिच्यातील धुरिन या द्रव्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होऊन जनावरांना विषबाधा होते.

मातीचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या तुकड्याने किंवा मण्यांच्या थराने झाकावा, म्हणजे कुंडीचे घटलेले वजन हे मातीतून उडालेले पाणी नसून झाडाने पानांतून बाहेर टाकलेले पाणी असेल. फुलोऱ्यापर्यंत सर्व कुंड्या ८० टक्के पातळीवर ठेवाव्यात आणि या काळातही प्रत्येक कुंडीला दिलेल्या पाण्याचा हिशोब लिहून ठेवावा. हा हिशोब अनेकजण ‘अजून ताण कुठे सुरू झाला’ म्हणून सोडून देतात आणि तिथेच मुख्य उत्तर गमावतात. २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील संशोधनाने दाखवले की एसटीजी भाग असलेल्या ज्वारीत फुटवे कमी येतात आणि पानांचा पसारा लहान राहतो, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत पाणी कमी खर्च होते आणि ते दाणे भरण्याच्या काळासाठी उरते. हिरवी पाने हे त्या आधीच्या काटकसरीचे फळ आहे. ज्याने फुलोऱ्यानंतरच काटा बाहेर काढला, त्याला फळ दिसेल, पण त्यामागचे कारण दिसणार नाही.

ताण सुरू करताना पाणी एकाएकी तोडू नये. शेतात ओल आठवड्यांमागून आठवडे हळूहळू आटते, तर कुंडीतील तीन लिटर पाणी मोठे ताट चार-पाच दिवसांत संपवते, आणि इतक्या झपाट्याने आलेल्या ताणाला झाडाचा प्रतिसाद पूर्णपणे वेगळा असतो. म्हणून रोज ठरावीक मर्यादेपर्यंतच घट होऊ द्यावी. मर्यादा १५० ग्रॅम ठरवली आणि एखादी कुंडी २३० ग्रॅमने घटली, तर ८० ग्रॅम पाणी परत द्यावे. वजन रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घ्यावे.

झाडाने मातीतील वापरता येण्याजोगे किती पाणी शिल्लक ठेवले आहे, हे सांगणारे गुणोत्तर असे काढतात: आजच्या वजनातून शेवटचे वजन वजा करावे आणि आलेल्या आकड्याला ताण सुरू होतानाचे वजन वजा शेवटचे वजन याने भागावे. शेवटचे वजन म्हणजे ताणाखालील झाडाचे बाष्पोत्सर्जन भरपूर पाणी मिळालेल्या झाडाच्या दहा टक्क्यांपेक्षा खाली येते तेव्हाचे वजन. हे गुणोत्तर १ पासून ० पर्यंत उतरते. साधारण ०.३ ते ०.४ च्या आसपास झाड पर्णरंध्रे मिटू लागते, आणि कोणता वाण ती आधी मिटतो, कोणता उशिरा, हा स्वतंत्रपणे मोजण्याजोगा गुणधर्म आहे. ‘पंधरा दिवस पाणी दिले नाही’ या वाक्यापेक्षा ‘गुणोत्तर ०.२ पर्यंत उतरले’ हे वाक्य कितीतरी जास्त सांगते, कारण मोठ्या ताटाचे पंधरा दिवस आणि लहान ताटाचे पंधरा दिवस सारखे नसतात.

जास्तीच्या कुंड्या इथे कामी येतात. ताट वाढते तसे त्याचे स्वतःचे वजन कुंडीच्या वजनात मिसळते आणि फुलोऱ्यापर्यंत ते शेकडो ग्रॅम होते. दर दोन आठवड्यांनी प्रत्येक वाणाची एखादी जास्तीची कुंडी कापून ताटाचे ओले वजन घ्यावे आणि लक्ष्य-वजनात तेवढी दुरुस्ती करावी. ती न केल्यास मोठ्या वाणांना नकळत कमी पाणी मिळत राहते.

पीईजीच्या, म्हणजे बीला पाणी सहज घेऊ न देणाऱ्या रसायनाच्या, द्रावणात बी उगवण्याची चाचणी येथे मुद्दाम दिलेली नाही. ती स्वस्त आहे, आठवड्यात उरकते आणि म्हणूनच प्रकल्प-अहवालांत फार दिसते. रब्बी ज्वारीची उगवण भरपूर ओलीत होते आणि ताण येतो तो फुलोऱ्यानंतर. उगवणीच्या वेळच्या चाचणीवरून त्या ताणाबद्दल काही बोलणे मला धाडसाचे वाटते.

हिरवेपणा आणि इतर मोजमापे

फुलोऱ्याची तारीख प्रत्येक ताटाची स्वतंत्र नोंदवावी. कणीस वरून खाली फुलत जाते, म्हणून अर्धे कणीस फुलले तो दिवस धरण्याची पद्धत आहे. त्या दिवसापासून दर आठवड्याला हिरव्या पानांची संख्या मोजावी आणि वरून तिसऱ्या पानावर हरितद्रव्य-मापकाने तीन ठिकाणी वाचन घेऊन सरासरी काढावी. कापणीच्या वेळी कणसाचे व दाण्यांचे वजन, हजार दाण्यांचे वजन आणि वाळलेल्या कडब्याचे वजन घ्यावे.

एक फसवा प्रकार येथे नेहमी भेटतो. ज्या ताटाच्या कणसात दाणे भरलेले नाहीत, त्याची पाने हिरवीच राहतात, कारण पानांतील अन्न ओढून घेणारा दाणाच नसतो. असे ताट यादीत हिरवेपणात पहिले येते. म्हणून हिरवेपणाचा आकडा दाण्यांच्या वजनाशिवाय एकटा कधीही वापरू नये.

पानातील पाण्याची सापेक्ष पातळी काढणे सोपे आहे. पानाचे सारखे तुकडे कापून लगेच तोलावेत, ऊर्ध्वपातित पाण्यात मंद प्रकाशात किमान चार तास ठेवावेत, टिपून पुन्हा तोलावेत आणि मग ७० ते ८० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत. ताजे वजन ०.५२ ग्रॅम, पाणी प्यायलेले ०.६४ ग्रॅम आणि कोरडे ०.१४ ग्रॅम असेल, तर ०.३८ भागिले ०.५०, म्हणजे ७६ टक्के. तुकडे दोन्ही गटांतून दिवसाच्या एकाच वेळी घेणे आवश्यक आहे. पानातील प्रोलीन हे अमिनो आम्ल मोजण्याचा आग्रह अनेक मार्गदर्शक धरतात. ते मोजायला हरकत नाही, परंतु प्रोलीन वाढणे हे पुष्कळदा झाडाला ताण जाणवल्याचे लक्षण असते, ताण सोसल्याचे नव्हे. ज्या वाणाचे हाल जास्त, त्यात ते जास्त दिसू शकते.

संकर, डीएनए आणि खुणा

स्वतः संकर करायचा असल्यास मादी वाणाच्या कणसातील दुसऱ्या दिवशी उमलणारी फुले निवडून आदल्या दिवशी दुपारी सुईने किंवा बारीक चिमट्याने परागकोश काढावेत, बाकीची फुले कापून टाकावीत आणि कणीस पिशवीने झाकावे. नर वाणाचे ताजे पराग सकाळी लावावेत. संकरित पिढीचे एक ताट स्वपरागित केले की दुसरी पिढी मिळते. खुणांचे वेगळे होणे शिकण्यासाठी ती उत्तम आहे, पण तिच्यातील प्रत्येक रोप एकमेव असल्याने त्यावर ताणाचा प्रयोग पुनरावृत्तीसह करता येत नाही. त्यासाठी एका बीपासून एक बी अशा रीतीने सहा-सात पिढ्या पुढे नेऊन स्थिर वंश तयार करावे लागतात. हे काम एका विद्यार्थ्याच्या मुदतीत मावत नाही, म्हणून विभागाने ते सुरू ठेवावे आणि प्रत्येक वर्षीच्या विद्यार्थ्याने त्यातला एक टप्पा करावा हे व्यवहार्य ठरते.

डीएनए दहा ते पंधरा दिवसांच्या रोपाच्या कोवळ्या पानातून काढावा. जुन्या पानांतील फेनॉल आणि शर्करा नंतर त्रास देतात. सीटीएबी या रसायनाच्या द्रावणाची पद्धत पुरते: पान द्रव नायट्रोजनमध्ये वाटणे, ६५ अंशांच्या त्या द्रावणात ठेवणे, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४:१ मिश्रणाने प्रथिने वेगळी करणे, आयसोप्रोपॅनॉलने डीएनए खाली बसवणे, ७० टक्के इथेनॉलने धुणे आणि आरएनए नष्ट करणारे विकर वापरणे. डीएनएच्या शुद्धतेसाठी २६० आणि २८० नॅनोमीटरवरील प्रकाश-शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास असावे. क्लोरोफॉर्मचे काम हातमोजे घालून आणि धूर खेचणाऱ्या कपाटातच करावे.

ज्वारीचा जनुकसंच बीटीएक्स ६२३ या वाणावरून २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे ७३ कोटी अक्षरांचा असून दहा गुणसूत्रांत विभागलेला आहे आणि खुला उपलब्ध आहे. एसटीजी भागांच्या दोन्ही बाजूंच्या एसएसआर खुणा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या अक्षरक्रमांच्या डीएनए-खुणा, निवडाव्यात आणि आधी फक्त जनक वाणांवर तपासाव्यात. ज्या खुणेची पट्टी दोन्ही जनकांत वेगळी दिसत नाही ती निरुपयोगी आहे. मग दुसऱ्या पिढीतील ९६ रोपांवर ती चालवावी. अपेक्षा १:२:१ ची, म्हणजे २४, ४८ आणि २४ ची. समजा २०, ५२ आणि २४ रोपे मिळाली, तर काय-वर्ग, म्हणजे अपेक्षित आणि मिळालेल्या संख्यांतील तफावतीचे माप, १.० येतो. दोन स्वातंत्र्यांशांसाठी मर्यादा ५.९९ असल्याने ही विभागणी मान्य करता येते. आकडा मर्यादेपलीकडे गेल्यास अनुवंशशास्त्राला आव्हान देण्यापूर्वी बियाण्याची भेसळ आणि चुकलेली लेबले तपासावीत.

स्थिर वंशांवर खुणा आणि मोजमापे एकत्र ठेवून गुणधर्माशी जोडलेला भाग शोधताना फुलोऱ्याचे दिवस आणि ताटाची उंची ही दोन्ही मोजमापे विश्लेषणात सोबत घ्यावीत. हिरवेपणाचा म्हणून सापडलेला भाग जर फुलोऱ्याच्या भागावरच येऊन बसत असेल, तर प्रश्न नेमका करताना सांगितलेला ‘निसटण्याचा’ मार्ग पुन्हा समोर आला आहे असे समजावे. वंशांची संख्या कमी असेल तेव्हा सापडलेल्या भागाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो, याला बिव्हिस परिणाम म्हणतात. साठ-सत्तर वंशांवरून ‘या भागाने ३० टक्के फरक पडतो’ असे लिहिणे म्हणूनच टाळावे.

जनुकाची हालचाल पाहणे

ताणाखाली एखादे जनुक किती चालू होते हे आरएनएवरून, पीसीआरच्या साहाय्याने पाहतात. पानाचे नमुने दिवसाच्या ठरावीक वेळीच घ्यावेत, कारण अनेक जनुके सकाळी आणि दुपारी वेगळी वागतात, आणि ते कापताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकावेत. प्रत्येक गटातून किमान तीन वेगवेगळी ताटे घ्यावीत. एकाच ताटाचा नमुना तीनदा चालवणे ही पुनरावृत्ती नव्हे. तुलनेसाठी स्थिर राहणारी दोन तरी संदर्भ-जनुके वापरावीत आणि ती ताणाखाली खरोखर स्थिर आहेत हे तपासावे. हिशोब असा: ताणाखालील ताटात अभ्यासाचे जनुक पीसीआरच्या २२ व्या आवर्तनाला आणि संदर्भ-जनुक १८ व्या आवर्तनाला दिसले, तर फरक ४, पाणी मिळालेल्या ताटात २५ आणि १८, तर फरक ७. दोन्ही फरकांतील अंतर ३, म्हणजे दोनचा तिसरा घात, आठपट वाढ.

आठपट वाढलेले जनुक सहनशीलता देतेच असे नाही. ताण-प्रतिसादाची सूत्रे हलवणारे डीआरईबी १ए हे जनुक अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील वनस्पतीत सतत चालू ठेवले, तेव्हा रोपे ताण सोसू लागली पण खुजी राहिली. तेच जनुक फक्त ताणाच्या वेळी चालू होईल अशा नियंत्रकाखाली ठेवल्यावर वाढीची हानी बरीच कमी झाली. वाढ आणि सोसणे यांची ही ओढाताण या विषयात सगळीकडे आहे. बी ३५ च्या एसटीजी भागांतही पुढील संशोधनाचे लक्ष ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक वाहून नेणाऱ्या पिन कुळातील जनुकांकडे गेले आहे, म्हणजे ‘दुष्काळाचे जनुक’ शोधता शोधता हाती आले ते ताटाची ठेवण ठरवणारे जनुक.

शेतात नेणे

कुंडीतील फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम असेल, तर पुढच्या रब्बीत तेच वंश शेतात पेरावेत, शक्य असल्यास हलकी, मध्यम आणि खोल अशा तीन प्रकारच्या जमिनींवर, यादृच्छिक गट रचनेत आणि किमान तीन पुनरावृत्तींसह. पेरणीच्या वेळी, फुलोऱ्यात आणि कापणीला ३०-३० सेंटीमीटरच्या थरांतून मातीचे नमुने काढून ओल मोजावी. अवकाळी पाऊस झाल्यास त्या वर्षीचे निष्कर्ष टाकून देऊ नयेत. पानांचा पसारा लहान असलेला वंश ओलीच्या वर्षी किती मागे पडतो हे नेमके तेव्हाच समजते. पाण्याची काटकसर करणारे ताट कडबा कमी देऊ शकते, आणि ज्या घरी चार जनावरे आहेत तिथे कडब्याचा हिशोब दाण्याच्या बरोबरीने होतो. म्हणून प्रत्येक तुकड्यातून दाणे आणि कडबा दोन्ही तोलावेत, खडखड्याने लोळलेल्या ताटांची टक्केवारी वेगळी लिहावी, आणि राखून ठेवलेल्या शुद्ध बियाण्याच्या पाकिटावर वंशाचा क्रमांक, हंगाम आणि पिढी पेन्सिलीने लिहून एक चिठ्ठी पाकिटाच्या आतही टाकावी.